रुमाल, गठ्ठे आणि सर्व्हर: दप्तर फुगतं तेव्हा काय ठेवायचं?

लोकलमध्ये हेडफोन घरी विसरणाऱ्यांसाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोललोय तसंच आहे, फक्त मधले "अं" आणि "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत.

आजचा विषय पहिल्यांदा ऐकायला रुक्ष वाटेल. ऑफिसात सगळ्यांनी मिळून वापरायचा एक सर्व्हर असतो. फायली, मेल, मंजुऱ्या, चर्चा, सगळं त्यात पडत राहतं. त्याचा डेटाबेस फुगत जातो, आणि एक दिवस सकाळी सगळं ठप्प. तर हे फुगणं आवरायचं कसं? आयटीवाल्यांचं काम आहे, आपल्याला काय, असं वाटेल. पण हा प्रश्न आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे. पुण्यात पेशव्यांच्या कारकुनांना तो पडला होता. १९८० च्या दशकात अहमदनगरच्या कलेक्टर ऑफिसला पडला होता. आणि आपण जिथून बोलतोय त्या उलव्यात तर जुना कागद जपला गेला की नाही, यावर कुणाच्या घरात काय आलं हे ठरलंय. म्हणून हा भाग इतिहासाचा. सर्व्हर त्यात येईलच.

१६ जीबीची भिंत

आधी थोडं जवळचं. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर नावाचा प्रकार कंपन्यांमध्ये मेल, कॅलेंडर आणि सामायिक फोल्डर सांभाळायचा. त्याच्या २००३ सालच्या स्टँडर्ड आवृत्तीत मेलच्या डेटाबेसला १६ जीबीची मर्यादा होती. पूर्ण ऑफिसला मिळून १६ जीबी! आज तेवढ्यात तुमचं व्हॉट्सअ‍ॅप मावत नाही. त्या आकड्याला टेकलं की डेटाबेस बंद पडायचा आणि मेल थांबायची. मग आयटीवाल्यानं एक सेटिंग बदलून तात्पुरता आणखी १ जीबी मिळवायचा आणि तेवढ्या श्वासात साफसफाई उरकायची. २००५ मध्ये दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि ही मर्यादा ७५ जीबीपर्यंत वाढवता येऊ लागली.

आता यातली खरी गंमत ऐका. लोकांनी मेल डिलीट केल्या तरी डेटाबेसची फाइल लहान होत नसे. आतली जागा रिकामी व्हायची, फाइल तेवढीच राहायची. कपाटातले कपडे काढले म्हणून कपाट लहान होत नाही, तसंच. फाइल खरंच लहान करायची तर सर्व्हर बंद ठेवून पूर्ण डेटाबेसची नवी, घट्ट प्रत बांधावी लागायची, आणि त्यासाठी मूळ फाइलच्या सुमारे ११० टक्के जागा रिकामी ठेवा, असा सल्ला असायचा. जागा नाही म्हणून साफसफाई करायची, आणि साफसफाईलाच जागा हवी.

त्याच सुमाराला जगाचा कल उलट्या दिशेनं वळला होता. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, तेही १ जीबी फुकट घेऊन. तेव्हा हॉटमेल २ एमबी देत होतं. आता काही पुसायची गरज नाही, शोधलं की सापडेल, हा विचार तिथून आपल्या अंगवळणी पडला. त्याची किंमत नंतर कळली. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली. पुढे अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही गूगलच्या त्याच मोजक्या जागेत धरायला लागले. "स्टोरेज फुल" हा निरोप आपल्या पिढीला पाठ आहे.

फुगतं नेमकं काय?

ऑफिसातल्या सामायिक सर्व्हरवर बहुतेक वेळा तीन गोष्टी फुगतात.

पहिली, आवृत्त्या. समजा एक ५ एमबीचं प्रेझेंटेशन आहे. पाच जणांनी मिळून ते चाळीस वेळा सेव्ह केलं. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये जुन्या काळी प्रत्येक आवृत्तीची पूर्ण प्रत ठेवली जायची. म्हणजे ५ चे झाले २०० एमबी. शेअरपॉइंट २०१३ पासून फाइलचे तुकडे करून बदललेलेच तुकडे साठवायची सोय आली, पण आवृत्त्या किती ठेवायच्या याची मर्यादा कुणी घातलीच नाही तर ढीग वाढतोच.

दुसरी, कचऱ्याची टोपली. तुम्ही फाइल काढता, ती टोपलीत जाते. तुम्ही टोपली रिकामी करता, ती अ‍ॅडमिनच्या दुसऱ्या टोपलीत जाते. तिथल्या सगळ्या फायली त्याच डेटाबेसमध्ये जागा खात बसलेल्या असतात.

तिसरी, आणि हीच सगळ्यांना चकवते, ती म्हणजे व्यवहारांची वही. त्याला ट्रान्झॅक्शन लॉग म्हणतात. डेटाबेसमध्ये कुठलाही बदल करण्याआधी "अमुक वाजता अमुक बदल" अशी नोंद आधी या लॉगमध्ये होते. मध्येच वीज गेली तर त्या नोंदींवरून सगळं पुन्हा उभं करता येतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये "फुल रिकव्हरी" हा प्रकार निवडला, आणि लॉगचा वेगळा बॅकअप घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर ही वही संपतच नाही. मूळ माहिती दहा जीबी आणि लॉग शंभर जीबी, असे सर्व्हर कित्येकांनी पाहिलेत.

ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. तिला घेऊनच आपण आता पुण्यात जाणार आहोत.

रोजकीर्द म्हणजेच लॉग

पेशव्यांचं हुजूर दप्तर पुण्यात होतं. आपल्या शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो तो शब्द इथलाच, मूळ फारसी: वह्या, कागद आणि ते ठेवायची जागा. हुजूर दप्तरात अनेक खाती होती. त्यातली दोन मोठी: एल बेरीज दप्तर आणि चालते दप्तर. एल बेरीज दप्तर कायम पुण्यात बसून सगळ्या तऱ्हेचे हिशेब पाही. चालते दप्तर फडणिसांच्या हाताखाली. इथे शेकड्यांनी कारकून लिहीत असत, मोडी लिपीत, बोरूनं.

त्यांची पद्धत बघा. दिवसाचे सगळे व्यवहार आणि हुकूम घडतील तसे एका वहीत: ती रोजकीर्द. मग तेच व्यवहार त्या-त्या खात्याखाली लावायचे: ती खतावणी. त्यातून गोषवारे निघायचे, ज्यांना तर्जुमे म्हणत. आणि वर्षाअखेर ताळेबंद. आता सर्व्हरवर या. रोजकीर्द म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग. खतावणी म्हणजे डेटाबेसमधली कोष्टकं. ताळेबंद म्हणजे साहेबांना दाखवायचा रिपोर्ट. यात "आपल्याकडे सगळं आधीच होतं" असली बढाई मारायची नाही. मुद्दा एवढाच, की पुष्कळ माणसं एकाच वेळी एकाच हिशेबावर काम करायला लागली की कुठल्याही काळात याच तीन थरांची गरज पडते. आणि तिन्ही थर ठेवले की पसारा वाढतोच.

हे कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत. त्या बांधणीला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात, कौन्सिल हॉलजवळच्या १८९१ मधल्या दगडी इमारतीत, पेशवे दप्तराचे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. कागद मोजायला गेलात तर आकडा कोटींत जातो.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनच्या हाताखाली मॅक्लिऑड नावाचा अधिकारी होता. त्यानं हे दप्तर तपासलं. त्याच्या पाहणीचं सार असं, की नानासाहेबांपासून सवाई माधवरावांपर्यंत दप्तर व्यवस्थित ठेवलेलं होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची हेळसांड झाली, आणि लोक कागद उचलून घरीही नेऊ लागले. म्हणजे जागा तीच, पद्धतही तीच, पण लक्ष ठेवणारं माणूस गेलं की दप्तर काही वर्षांत विस्कटतं. सर्व्हर सांभाळणारा कुठलाही माणूस यावर मान डोलावेल.

त्याच कागदांचं दुसरं आयुष्य

आता गोष्ट थोडी कडवट होते. इंग्रजांनी हे दप्तर जपलं. इतिहासाचं प्रेम हे त्यामागचं कारण नव्हतं. त्यांना महसूल हवा होता. गावोगावी इनाम जमिनी होत्या, ज्यांवर सारा नव्हता किंवा कमी होता. यातली खरी इनामं किती, हे तपासायला १८४० च्या दशकात काम सुरू झालं. १८५२ च्या कायद्यानं त्याला बळ दिलं. हेच इनाम कमिशन.

कमिशन इनामदाराला विचारायचं: तुझ्या इनामाचा पुरावा काय? सनद दाखव. आणि मग त्याचं म्हणणं पेशवे दप्तराशी ताडून बघायचं. दप्तरात नोंद सापडली तर ठीक. नाही सापडली, किंवा उलटी सापडली, तर जमिनीवर सारा बसायचा. कित्येक घराण्यांकडची सनद वाळवीनं खाल्लेली, घर जळालेलं, नाहीतर वाटणीत कागद हरवलेला. दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखात याविरुद्ध मोठा असंतोष माजला. शेवटी १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक रक्कम घेऊन हक्क कायम करायची तोड काढली गेली आणि कमिशनचं काम आवरतं घेतलं गेलं.

विचार करा. ज्या कारकुनानं शंभर वर्षांपूर्वी रोजकीर्दीत एक ओळ लिहिली, त्याला त्या दिवसाचा हिशेब जुळवायचा होता, बस. त्या ओळीवर पुढे एखाद्या कुटुंबाची जमीन राहणार की जाणार हे ठरेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

तिसरं आयुष्य विसाव्या शतकातलं. बराच काळ हे दप्तर अभ्यासकांना बंदच होतं. सरकारला वाटायचं, जुने हक्क आणि जुने वाद त्यातून पुन्हा निघतील. १९२९ च्या सुमारास गोविंद सखाराम सरदेसाईंना, म्हणजे रियासतकारांना, आत काम करायची मुभा मिळाली. जदुनाथ सरकारांचा त्यांना पाठिंबा होता. सरदेसाई आणि त्यांच्या मदतनिसांनी रुमाल सोडले, वाचले, निवडले. १९३० ते १९३४ या काळात "पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद" हे ४५ खंड छापून निघाले. पानिपत, माधवराव, राजघराण्यातली भांडणं, साधी माणसं, सगळं त्यात आहे.

४५ खंड हा मोठा आकडा. पण ३९ हजार रुमालांपुढे तो मूठभर आहे. म्हणजे सरदेसाईंनीही तेच केलं जे सर्व्हरवाल्याला करावं लागतं: काय वर काढायचं आणि काय खाली राहू द्यायचं, हे ठरवणं. फरक एवढाच, की त्यांनी न निवडलेलं फेकून दिलं नाही. पुन्हा बांधून ठेवलं. आजही मोडी शिकलेली मुलंमुली जाऊन ते सोडतात.

अहमदनगरचे सहा गठ्ठे

आता थेट १९८० च्या दशकात उडी मारू. सरकारी ऑफिसचं ते चित्र तुमच्या आईबाबांनी पाहिलेलं आहे: कपाटांवर फायली, कपाटांमागे फायली, खुर्चीखाली फायली, आणि साहेब म्हणतात, "फाइल सापडत नाही." आपल्या भाषेत दप्तरदिरंगाई हा शब्द उगाच नाही आला.

अनिलकुमार लखिना तेव्हा अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर.) त्यांनी आधी रेकॉर्ड रूम उपसली. जुने कागद वर्गवार लावले, ज्यांची मुदत संपली होती ते नियमानं नष्ट केले, बसायची रचना बदलली, कुणाच्या टेबलाचं काम काय हे लिहून काढलं. यालाच पुढे "लखिना पॅटर्न" म्हणायला लागले आणि तो राज्यभर गेला. त्यातला सगळ्यात टिकाऊ भाग म्हणजे सहा गठ्ठा पद्धत. आजही कुठल्याही तहसील कार्यालयात नवीन लागलेल्या कारकुनाला ती शिकवतात.

पद्धत सोपी आहे. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. पहिला गठ्ठा प्रलंबित: ज्यावर मला काम करायचंय. दुसरा प्रतीक्षाधीन: मी माझं केलं, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. तिसरा नियतकालिकं: दर महिन्याला, दर तिमाहीला जाणारी विवरणं. चौथा स्थायी आदेश: जे नियम नेहमी हाताशी लागतात. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायचा: काम संपलं, पण जपायचंय. आणि सहावा, नष्ट करायचा.

यामागे अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. "अ" म्हणजे कायम ठेवायचं. "ब" म्हणजे तीस वर्षं. "क" म्हणजे त्याहून थोडी, ठरावीक वर्षं. "ड" म्हणजे काम झाल्यावर वर्षभरात ज्याचा उपयोग संपतो ते. आणि नीट ऐका, ही वर्गवारी केव्हा ठरवायची? काम संपून फाइल बंद होते तेव्हाच. जो माणूस ती फाइल हाताळत होता, ज्याला तिच्यात काय आहे हे माहीत आहे, त्यानंच ठरवायचं. वीस वर्षांनी रेकॉर्ड रूममध्ये धूळ झटकत बसलेल्या तिसऱ्याच माणसानं नाही.

सर्व्हर फुगतात त्याचं मूळ मला इथे दिसतं. सर्व्हरवर फाइल टाकताना कुणी ठरवत नाही की ती किती दिवसांची. सगळंच "अ" वर्गात जातं, आपोआप. मग एक दिवस जागा संपते आणि बिचारा आयटीवाला, ज्याला त्या फायलींमधलं काहीच माहीत नाही, तो सगळ्यांना मेल टाकतो: दोन वर्षांपेक्षा जुनं सगळं शुक्रवारी पुसतोय. वय हाच एक निकष, कारण मशीनला तेवढंच दिसतं.

लखिनांच्या गठ्ठ्यांमध्ये वय हा पहिला निकष नाही, कागदाचा प्रकार आहे. काल आलेलं चहापाण्याचं बिल "ड" असू शकतं आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा फेरफार "अ".

पुढे २०१७ च्या सुमारास पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी "झिरो पेंडन्सी" नावानं हीच गोष्ट पुन्हा हाती घेतली: आधी जुन्या कागदांची छाननी, मग रोजचं काम रोज. चाळीस वर्षांत तेच काम पुन्हा करावं लागलं. दप्तर एकदा आवरून आवरलेलं राहत नाही, हा त्याचा अर्थ.

पुसल्याचीही नोंद

आता एक छोटीशी, पण मला फार आवडणारी गोष्ट. १९८९ मध्ये लोटस नोट्स नावाचं सॉफ्टवेअर आलं. रे ओझी हे त्याच्यामागचं मुख्य नाव. ऑफिसातल्या लोकांनी मिळून एकाच कागदावर काम करायच्या सॉफ्टवेअरचं हे मोठं, गाजलेलं उदाहरण. त्याची खुबी अशी, की एकाच डेटाबेसच्या प्रती मुंबईच्या सर्व्हरवर, पुण्याच्या सर्व्हरवर आणि साहेबांच्या लॅपटॉपवर असायच्या, आणि अधूनमधून त्या एकमेकींशी जुळवल्या जायच्या.

मग प्रश्न आला. मी मुंबईत एक कागद पुसला. पुण्याच्या प्रतीत तो अजून आहे. जुळवताना सर्व्हरला कसं कळणार की मुंबईत तो पुसलाय, की पुण्यात तो नवीन आलाय? म्हणून लोटस नोट्स पुसलेल्या कागदाच्या जागी एक बारीक खूण ठेवायचं: इथे अमुक कागद होता, तो काढलाय. कागद गेला, पण गेल्याची नोंद राहिली. या खुणाही जागा खातात म्हणून काही दिवसांनी, साधारण नव्वद दिवसांच्या हिशेबानं, त्या साफ व्हायच्या. आणि एखादा लॅपटॉप त्याहून जास्त दिवस कपाटात पडून राहिला आणि मग जोडला, की पुसलेले कागद भुतासारखे परत यायचे.

आपल्या रेकॉर्ड रूममध्येही हाच नियम आहे. "ड" कागद नष्ट करताना आधी त्यांची यादी होते, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि काय, कधी, कुणाच्या आदेशानं नष्ट केलं याची नोंद ठेवावी लागते. देशाचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा. त्यात तर १८९२ च्या आधीचा कागद, तो अगदीच जीर्ण आणि निरुपयोगी झाला असल्याशिवाय, नष्ट करायचाच नाही असं आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००५ चा. आणि त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, की प्रत्येक सार्वजनिक कार्यालयानं आपले कागद सूची करून, सापडतील असे ठेवायचे. म्हणजे "साहेब, फाइल सापडत नाही" हे उत्तर कायद्यात बसत नाही.

गाव हललं, कागद राहिला

आता आपल्या उलव्यात या. आज उलवे म्हटलं की लोकांना टॉवर, खारकोपर आणि बामणडोंगरी स्टेशनं, अटल सेतू आणि विमानतळ आठवतो. ११ नोव्हेंबर २०१८ ला खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ ला ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. भाड्यानं राहायला आलेल्या आपल्यासारख्यांना वाटतं, या जागेचा इतिहास सात-आठ वर्षांचाच.

पण उलवे हे मूळचं गाव. पनवेल तालुका, रायगड जिल्हा. १९८१ च्या आधीचे कागद काढलेत तर त्यावर कुलाबा जिल्हा लिहिलेलं दिसेल. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी ठरल्या. जमीन गेली, मोबदला तुटपुंजा होता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: संपादित झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला परत.

आता सांगा, हा भूखंड कुणाला मिळणार? ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. तो हयात नसेल तर वारसांना. आणि हे ठरणार कशावर? सातबारावर. गाव नमुना सहावर, म्हणजे फेरफार नोंदवहीवर. वारस नोंदीवर, जन्ममृत्यूच्या दाखल्यावर. आजोबांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असेल, आत्याचं नाव वारसांत लागलेलंच नसेल, तर पन्नास वर्षांपूर्वी तलाठ्यानं लिहिलेली ती एक ओळ शोधत लोक पनवेलच्या चकरा मारतात.

विमानतळासाठी तर दहा वस्त्या उठल्या: उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, वाघिवलीवाडा आणि वरचा ओवळा. इथल्या जमीनधारकांसाठी साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज झालं. उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. म्हणजे गाव जिथे होतं तिथे आता तुम्ही बोट ठेवून "हे आमचं घर" असं दाखवू शकत नाही. विहीर नाही, बांध नाही, झाड नाही. शेजाऱ्याला साक्षीला बोलवाल तर तोही दुसरीकडे राहायला गेलाय. उरलंय काय? नकाशा आणि नोंद. या दहा वस्त्यांसाठी त्यांचं दप्तर हाच आता त्यांचा भूगोल आहे.

म्हणून "जुनं आहे, पुसून टाका" हे वाक्य उलव्यात फार जपून म्हणायला हवं. इनाम कमिशनपुढे उभ्या राहिलेल्या माणसाची आणि साडेबारा टक्क्यांच्या अर्जदाराची अडचण एकच आहे: माझा हक्क माझ्या हातात नाही, कुणीतरी दुसऱ्यानं जपलेल्या कागदात आहे.

मग सर्व्हरचं काय करायचं?

उलट बाजूही बघू. सगळंच जपतो म्हणणंही धोक्याचं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली, आणि फायलींचे ढीगच्या ढीग जळाले. एकाच जागी, एकाच प्रतीत, न निवडता साठवलेला ढीग असला की महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकत्रच जळतं. त्यानंतर फायली स्कॅन करण्याला आणि ई-ऑफिसला राज्यात जोर आला. पण कागदाचा ढीग जसाच्या तसा स्कॅन केला तर ढीग कमी होत नाही, फक्त सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर असतो कुठेतरी खऱ्या इमारतीत, खऱ्या विजेवर. आपल्या नवी मुंबईतच ऐरोली, महापे, रबाळे ते पनवेलपर्यंत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्यात.

आणि आता कायद्याचीही दुसरी बाजू आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो, की माणसाची माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्यानं ती ठेवायला सांगितलेली नाही, तर ती पुसा. तुमच्या सोसायटीच्या गेटवरच्या अ‍ॅपमध्ये तीन वर्षांपूर्वी आलेल्या कुरिअरवाल्याचा फोटो आणि नंबर पडून असेल, तर तो "ड" वर्गातला कागद आहे. न पुसणं हाच तिथे अन्याय.

तर लखिनांचे सहा गठ्ठे सर्व्हरवर कसे बांधायचे? तुम्ही ऑफिसात असा, कॉलेजच्या फेस्टची ड्राइव्ह सांभाळत असा, की सोसायटीच्या कमिटीत, काम तेच.

चालू कामाचं फोल्डर वेगळं ठेवा, आणि आवृत्त्यांना मर्यादा घाला. चाळीसाव्या आवृत्तीला पहिल्या पंधरांची गरज क्वचितच असते. उत्तराची वाट बघत पडलेल्या फायली वेगळ्या दिसू द्या, नाहीतर त्या मेल्या की जिवंत हेच कळत नाही. दर महिन्याला निघणारे रिपोर्ट शेवटचे काही ठेवा, वर्षाचा ताळेबंद मात्र कायम. नियम आणि ठराव एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत ठेवा. दहा जणांना जोडून पाठवलं की दहा प्रती होतात, दुवा पाठवला की एकच राहते. काम संपलं की जपायचं ते मुख्य सर्व्हरवरून हलवून संग्रहात टाका, आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी. मंत्रालयाची आग आठवा. लॉगचा बॅकअप रोज घ्या, म्हणजे रोजकीर्दीची वही भरत जाईल तशी बदलत राहील. आणि शेवटचा गठ्ठा पुसायचा, पण यादी करून, एका माणसानं सुचवून आणि दुसऱ्यानं मंजूर करून. काय पुसलं त्याची एक छोटी नोंद ठेवून.

आणखी एक. पुसल्या-पुसल्या डेटाबेसची फाइल दाबून लहान करायचा मोह होतो. शक्यतो करू नका. त्यानं आतली मांडणी विस्कटते, सर्व्हर मंदावतो, आणि पुढच्या महिन्यात फाइल परत तेवढीच होते. आत मोकळी जागा आहे ना, ती वापरली जाऊ द्या.

हे सगळं करायला भारी सॉफ्टवेअर लागत नाही. लागतो तो एक माणूस, ज्याच्याकडे हे काम सोपवलेलं आहे आणि ज्याला विचारता येतं. नानासाहेबांच्या काळात दप्तर नीट राहिलं आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात विस्कटलं. कापड तेच होतं, शाई तीच होती.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर एक करा. घरातल्या ट्रंकेत किंवा माळ्यावर आजोबांची एखादी पिशवी असेल. जुन्या पावत्या, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, एखादा मोडीतला कागद. फोटो काढून ठेवा, कुठला कागद कुणाचा हे आजीला विचारून त्यावर लिहून ठेवा, कारण ते सांगणारं माणूस उद्या नसेल. आणि फोनमध्ये जागा नसेल, तर गुड मॉर्निंगची फुलं आहेतच की पुसायला.